कन्नूरचं नदीकाठचं रिसॉर्ट, लॉनवरचा तेय्यम आणि कावातला तेय्यम

सई_ठाणे

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

जानेवारीच्या शेवटी कन्नूरला जाऊन आलो. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. मुन्नार-अलेप्पी आधी झालेलं म्हणून या खेपेला उत्तर केरळ. वळपट्टणम नदीच्या काठावरचं रिसॉर्ट बुक केलं होतं, नाव देत नाही कारण पुढे थोडी कुरकुर आहे. तसं जागेला नावं ठेवायला काही जागा नाही, चार पायऱ्या उतरलं की नदी, पलीकडे नारळी, सकाळी ओहोटीला गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून शिंपल्या काढणारी माणसं. लेक तेच बघत बसायची.

तर शनिवारी संध्याकाळी रिसॉर्टच्या लॉनवर "सेक्रेड डान्स" असं बोर्डावर लिहिलेलं, म्हणजे तेय्यम, माणूस सजून देव होतो तो इकडचा विधी. खुर्च्या मांडलेल्या, फोकस लाइट, दोन चेंडेवाले (चेंडा म्हणजे तिकडचा ढोल) आणि एक डोक्यावर भला मोठा लाल मुकुट घातलेला माणूस. अर्धा-पाऊण तास झालं असेल. मधूनच वेटर कटलेट आणि फ्रेश लाइमचा ट्रे घेऊन फिरतायत, शेवटी माइकवरून सांगितलं की आता पाहुण्यांनी फोटो काढून घ्या. सासूबाईंनी सुरुवातीलाच चपला काढून खुर्चीखाली ठेवल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या, सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, मागच्या एका काकांनी चक्क "मॅडम बसा ना, दिसत नाहीये" म्हटलं. मला कसंनुसं झालं, नक्की कोणासाठी ते कळेना.

दुसऱ्या दिवशी रूम आवरायला येणारा मुलगा हिंदी-इंग्लिश मिसळून म्हणाला, मॅडम हे नाही, आमच्या गावच्या कावात (झाडीतल्या देवळीत) आज रात्री आहे, पहाटे या. नवरा नको म्हणत होता, पण सासूबाई तीन वाजता साडी नेसून तयार! रिक्षा सांगून ठेवली होती. आधी चेंडे ऐकू आले, मग झाडांमधून ट्यूबलाइट दिसल्या. देवळी एवढीशी, बाजूला चहा-ऑम्लेटची गाडी, फुगेवाला, केरळ लॉटरीवालासुद्धा. आणि मधोमध माणसाच्या उंचीचा निखाऱ्यांचा ढीग. इतका तापलेला की वीस फुटांवरून तोंड फिरवावं लागत होतं. आणि तो मुखवटा घातलेला, अंगभर नारळाच्या कोवळ्या पात्यांचा पेहराव केलेला माणूस जाऊन त्या ढिगावर पाठ टेकून आरामात रेलला. लोकांशी काहीतरी बोलत होता आणि लोक हसत होते! आम्हाला वाटलं होतं एकदम गंभीर, भीतिदायक काहीतरी असेल.

उजाडल्यावर लोक रांगेने त्याच्यासमोर जायला लागले. सासूबाई पण. त्याने त्यांचा हात हातात घेतला आणि मल्याळममध्ये बराच वेळ बोलला, या मराठीत उत्तरं देत होत्या, दोघांनाही काही अडचण दिसली नाही. डोळ्यांतून पाणी. काय बोलणं झालं ते अजून आम्हाला सांगितलेलं नाही. हातात हळद दिली त्याने, ती पुडी देव्हाऱ्यात आहे आता.

प्रश्न असे की रिसॉर्टमध्ये पाहिलं तो तेय्यम खरा धरायचा का? कावात आम्ही बाहेरचे लोक असे घुसलो ते चालतं ना? दक्षिणा किती द्यायची असते (आम्ही शंभर दिले, नवरा म्हणतो कमी दिले)? आणि सासूबाईंना पुढच्या वर्षी परत जायचंय, त्यांच्या गुडघ्यांना रात्रभर उभं राहणं झेपेल असं काही आहे का?

एळिमला_रिटर्न

सई, छान लिहिलंयस गं. नवरा नेव्हीत आहे, एळिमलाच्या अकॅडमीत पोस्टिंग होतं तेव्हा पय्यनूरच्या आसपासचे बरेच तेय्यम पाहिले, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते.

लॉनवर जे पाहिलंत त्याला मी तेय्यमचा पोशाख घालून केलेला नाच म्हणेन. कावात नुसता नाच नसतोच मुळी. आदल्या संध्याकाळी तोट्टम होतं, म्हणजे त्या देवाची सगळी कथा गाऊन सांगतात, कुठे जन्मला, कोणी मारला, कसा देव झाला. काही तेय्यमांना आधी वेळ्ळाट्टम असतं, लहान मुकुट, कमी रंग. मग रात्री खरी तयारी. त्या अणियरामध्ये (झावळ्यांची खोप असते, तीच त्यांची रंगपटाची जागा) एकदा मला लांबून बघू दिलं होतं. तो माणूस चटईवर उताणा झोपलेला, डोळे मिटून, आणि रंगवणारा त्याच्या डोक्याशी बसून नारळाच्या हिराने चेहऱ्यावर रेघा ओढतोय. ब्रश नाही, हीर! पिवळा मनयोलाचा, लाल चायिल्यमचा, काळी काजळी. डोळ्याभोवतीची ती केसाएवढी रेघ ओढताना आजूबाजूचे बोलायचेसुद्धा थांबले होते. एकेका देवाची चेहऱ्यावरची नक्षी ठरलेली असते, जाणकार माणूस नुसतं तोंड बघून कोणता तेय्यम ते सांगतो. शेवटी देवळीसमोर स्टुलावर बसवून मुडी बांधतात, तो मोठा मुकुट, आणि मग त्याच्या हातात छोटा आरसा देतात. आरशात पाहिलं की संपलं, मग त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नाही, घरची माणसंसुद्धा हात जोडतात.

आता सांग, यातलं लॉनवर काय होतं?

बाहेरच्यांनी गेलेलं चालतं, अगदी आनंदाने चालतं, आम्हाला तर दर वेळी पहिल्यांदा "जेवलात का" विचारायचे. फक्त चपला आवाराबाहेर, फ्लॅश बंद, देवळी आणि तेय्यम यांच्या मधे उभं राहायचं नाही आणि खोपीत न विचारता कॅमेरा घेऊन घुसायचं नाही. मोठे कॅमेरेवाले लोक हल्ली अगदी तोंडापाशी जाऊन उभे राहतात, ते बघून माझंच डोकं फिरायचं.

मालवणी_खाजा

वाचून अंगावर काटा इलो. आमच्याकडे दसऱ्याक तरंग निघतत, उंच काठयेक साड्ये गुंडाळलेले, ज्याच्या खांद्यार तरंग त्याच्या अंगात अवसर येता आणि मग लोक गाऱ्हाणा घालतत, पोराचा लगीन, जमिनीची भांडणा, सगळा. देव नावानिशी हाक मारता. तुमच्या सासूबाईंका म्हणानच परका वाटूक नाय असतला.

(प्रमाण मराठीत लिहितो आता नाहीतर शिव्या पडतील.) आगीचं म्हणाल तर आमच्या शेजारी गोव्यात, डिचोलीजवळ शिरगावला लईराईच्या जत्रेत धोंड (देवीचे व्रत करणारे भक्त) पहाटे निखाऱ्यांवरून चालतात. त्याआधी कित्येक दिवस सोवळं पाळतात. पण निखाऱ्यावर *झोपणारा* देव पहिल्यांदाच ऐकला.

एक विचारायचं होतं, तो जो 'कांतारा' कन्नड पिक्चर गाजला होता तेच हे का?

डोंबिवली_कन्नूर_अपडाऊन

मी मल्याळी आहे, पण जन्म, शाळा, लोकलमधली भांडणं सगळं डोंबिवलीचं. आईचं घर चेरुकुन्नूच्या बाजूला, तिथे आमच्या तरवाड्यात (घराण्याच्या मूळ घरी) दर वर्षी तेय्यम असतो, त्यामुळे सुट्ट्या मे महिन्यात नाही, जानेवारी-फेब्रुवारीत घ्यायचो आम्ही, शाळेत दर वर्षी खोटं सर्टिफिकेट.

@मालवणी_खाजा, नाही, पिक्चरमधला तो भूत कोला, तुळू लोकांचा, मंगळूर-उडुपीकडचा. भाऊबंदच आहेत पण भाषा वेगळी, देव वेगळे, करणारे समाज वेगळे. कासरगोडजवळची चंद्रगिरी नदी साधारण हद्द धरा, तिच्या वर कोला, खाली तेय्यम. पिक्चर आल्यापासून आमच्याकडे येऊन लोक "ते ओरडणं कधी होणार" विचारतात, काय सांगायचं!

सई ताई, तुम्ही पाहिला तो पोट्टन तेय्यम. निखाऱ्यांवर रेलून तो काय म्हणतो माहितीये? थंडी वाजते म्हणतो. म्हणून लोक हसत होते. गप्पिष्टच देव आहे तो, टोमणे मारतो, गावातल्या मोठ्या माणसांची खेचतो. पण त्याची गोष्ट हसण्यासारखी नाही. शंकराचार्य निघालेत आणि वाटेत पुलया समाजाचा माणूस आडवा येतो, ते म्हणतात बाजूला हो, आणि हा वेड्याचं सोंग घेऊन उलट प्रश्न विचारत सुटतो. तोट्टममध्ये आहे ते सगळं: तुम्हाला कापलं तरी रक्त, आम्हाला कापलं तरी रक्तच ना? आमच्या उकिरड्यावर लावलेल्या केळीची केळी तुमच्या देवाला चालतात ना? शेवटी आचार्यांना कळतं समोर शिवच आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर का, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी वेगळं समजावत नाही.

आणि हे गाणारा, आगीवर झोपणारा माणूस कोण, तर वण्णान, मलयन, वेलन, माविलन, पुलयन असल्या समाजांतला. तेय्यम त्यांनीच करायचा, दुसऱ्या कोणाला अधिकारच नाही. माझ्या आजोबांच्या लहानपणी ज्यांना आमच्या अंगणात पाय ठेवू द्यायचे नाहीत त्यांच्यापुढे त्या एका रात्री घरातला कारणवर, म्हणजे कर्ता पुरुष, वाकून उभा राहायचा आणि शिव्यासुद्धा ऐकून घ्यायचा. सकाळी मुडी उतरली की परत पहिल्यासारखं. मला लहानपणी हे फार भारी वाटायचं, आता तितकं नाही वाटत, कारण "सकाळी परत पहिल्यासारखं" हा भाग मोठेपणी जास्त दिसायला लागला.

कोणत्या कावाचा तेय्यम कोणत्या घराण्याने बांधायचा हा हक्क ठरलेला असतो. आधी काही दिवस व्रत, मांसमच्छी-दारू बंद, घरापासून वेगळं राहायचं. चांगला करणाऱ्याला पूर्वी राजाकडून कडं आणि किताब मिळायचा, पेरुवण्णान, पणिक्कर वगैरे, अजूनही देतात समारंभ करून.

दक्षिणेचा रेट नसतो. पन्नास, शंभर, जे असेल ते. कमी नाही दिलेत, नवऱ्याला सांगा.

तर्कट

भावना दुखावायच्या नाहीत पण विचारतो. त्या माणसाला भाजत नाही का? आणि देवाने सासूबाईंचा हात धरून काय सांगितलं असेल ते तुम्ही-आम्हीपण सांगू शकतो, "काळजी करू नको, मी आहे". उरलेलं सासूबाईंनी स्वतःच भरून घेतलं. त्यासाठी एका गरीब माणसाला निखाऱ्यांवर झोपवायचं आणि आपण नदीकाठी रूम घेऊन बघायचं, हे मला जरा जड जातं.

डोंबिवली_कन्नूर_अपडाऊन

@तर्कट, प्रश्न योग्य आहे, चिडलो नाही. भाजतं. झावळ्या ओल्या असतात, दोन्ही बाजूंनी माणसं धरून असतात, खेचून उठवतात, तंत्र आहे त्याला, लहानपणापासून शिकतात. तरी भाजतं. वजनदार मुडीने मान-कंबर जाते, रात्र-रात्र जागरणं, काहींना दारूची सवय लागते. आमच्याकडे येणारे एक म्हातारे पेरुवण्णान होते, त्यांच्या पाठीवर हात फिरवला तर कातडी झाडाच्या सालीसारखी लागायची. मी त्यांना विचारलं होतं कशाला करता, तर म्हणाले, तुझ्या बापाला विचार बँकेत कशाला जातो. नंतर जरा थांबून म्हणाले, बँकेत मात्र कोणी पाया पडत नाही.

म्हणजे यात पोट आहे, मान आहे, श्रद्धा आहे, सगळं एकात एक. एक धागा ओढून बाकीचं कसं सोडवायचं मला माहीत नाही.

आणि म्हणूनच त्या रिसॉर्टवाल्या शोबद्दल मी एळिमला_रिटर्न यांच्याइतका कडक नाही. सीझन तुलाम महिन्याच्या दहा तारखेला सुरू होतो, म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, आणि इडवम संपेपर्यंत, म्हणजे मे अखेर-जूनपर्यंत. पावसाळ्यात कमाई शून्य. कर्किडकममध्ये (आपला आषाढ-श्रावण धरा) त्यांची लहान मुलं आडिवेडन म्हणून शिव-पार्वतीचं सोंग घेऊन घरोघर येतात, तेवढंच तांदूळ-पैसे. बाकी रंगकाम, नारळ उतरवणं, रिक्षा. असा माणूस शनिवारी लॉनवर जाऊन चार पैसे मिळवत असेल तर त्याला मी नावं नाही ठेवणार. समाजातलेच बरेच जण विरोध करतात, स्टेजवर किंवा मिरवणुकीत तेय्यम नेऊ नका म्हणून दर काही वर्षांनी वाद पेटतो, आणि त्यांचंही बरोबर आहे. माझा राग कटलेटवर आहे. आणि बोर्डावर सेक्रेड लिहिण्यावर. "वेशभूषा आणि नृत्याची झलक" लिहा ना, कोण अडवतंय.

एळिमला_रिटर्न

हे पटलं. "कडक" मी त्या माणसाबद्दल नव्हतेच, पण लिहिताना तसं वाटलं असेल. तरीही एक सांगते, ज्यांनी फक्त लॉनवरचं पाहिलं ते घरी येऊन सांगतात "आम्ही तेय्यम पाहिला, ठीक होता". हे वाईट वाटतं.

अवांतर: बायकांना तेय्यम नाही असं सगळीकडे वाचाल. एक अपवाद आहे, देवक्कूत्तू, चेरुकुन्नूकडच्याच तेक्कुम्बाडच्या बेटावर, दोन वर्षांतून एकदा, तिथे बाई तेय्यम होते. होडीतून जावं लागतं.

जोशीकाका_नाशिक

वाखूसा (वाचनखूण साठवली). सईताई, सासूबाईंच्या गुडघ्यांचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण माझेही गेलेत.

परश्शिनिकडवुला जा. कन्नूरपासून वीसेक किलोमीटर, वळपट्टणम नदीच्या काठावरच मुत्तप्पनचं देऊळ आहे, कदाचित तुमच्या रिसॉर्टपासून जवळच असेल. कावातले तेय्यम वर्षातून एकदा असतात, इथे मात्र जवळपास रोज, पहाटे आणि संध्याकाळी. काही ठरावीक दिवस बंद असतं, त्यामुळे निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. आत बसायला मिळतं, पक्कं छप्पर आहे, टॉयलेट आहेत. रात्रभराची भानगड नाही. पहाटे तिरुवप्पना (मुत्तप्पनचं मोठ्या मुकुटाचं रूप) आणि वेळ्ळाट्टम दोन्ही, संध्याकाळी फक्त वेळ्ळाट्टम. एक शिकारी धनुष्यबाणवाला देव, ब्राह्मणाच्या घरी वाढला पण जंगलात जाऊन मांस-ताडी सुरू केली आणि शेवटी घराबाहेर पडला, म्हणून नैवेद्याला ताडी आणि सुकी मासळी! आमच्या सौभाग्यवती कट्टर शाकाहारी, त्यांनी नाकाला पदर लावला आणि पाच मिनिटांनी स्वतःच रांगेत. प्रसाद म्हणून उकडलेले मूग आणि खोबऱ्याचे तुकडे, बरोबर चहा. देवळात कुत्री मोकाट फिरतात, कोणी हाकलत नाही, ती देवाची. नातवंडं खूश.

इथेही देव हात धरून बोलतो. जात-धर्म काही विचारत नाहीत, माझ्या पुढे रांगेत बुरखा घातलेल्या एक बाई होत्या. फोटोचं मात्र आत विचारून घ्या.

सई_ठाणे

बाप रे, इतकं सगळं! सगळ्यांचे आभार. पोट्टनची गोष्ट रात्री जेवताना सासूबाईंना वाचून दाखवली. त्या नुसत्या हं हं करत होत्या आणि "थंडी वाजते म्हणतो" ला म्हणाल्या, हो, मला कळलं होतं. कसं काय कळलं विचारलं तर म्हणे, हात गार होता त्याचा. आता निखाऱ्यावरून उठलेल्या माणसाचा हात गार कसा असेल, @तर्कट तुम्हीच सांगा (हलके घ्या).

जोशीकाका, परश्शिनिकडवु आमच्या रिसॉर्टपासून खरंच जवळ होतं, आम्ही तिथून बोटीत बसून फिरून आलो आणि देवळात पाचच मिनिटं डोकावलो, भर दुपारी. रिसॉर्टवाल्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही की इथे रोज असतं. लॉनवरच्या शोचे माणशी पैसे मात्र बिलात लावले, तेही न विचारता.

आता दोन प्रश्न उरले. कावातल्या तेय्यमच्या तारखा कळतात कुठून? आणि ठाण्याहून विमान की रेल्वे?

डोंबिवली_कन्नूर_अपडाऊन

तारखा मल्याळम पंचांगावर, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी इंग्लिश तारखेत एखाददुसरा दिवस इकडे-तिकडे. कॅलेंडर ऑनलाइन मिळतात पण त्यांच्या भरवशावर थेट जाऊ नका, मुक्काम बुक करताना होमस्टेवाल्याला विचारा, तो कोणाच्या तरी काकाला फोन लावतो आणि खरी माहिती येते. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात भरगच्च, एकाच रात्री आजूबाजूला तीन-चार ठिकाणी असतात. मोठ्या रिसॉर्टपेक्षा पय्यनूर, नीलेश्वरम, चेरुकुन्नू असल्या ठिकाणी छोट्या जागी राहा, नदी तिथेही आहे. केरळ फोकलोर अकादमी चिरक्कलला आहे, कन्नूर शहराला लागूनच, एक सकाळ तिथे घालवा.

सासूबाईंसाठी एक युक्ती, तोट्टम संध्याकाळी बघायचं, जेवून झोपायचं, आणि पहाटे चारला परत जायचं. गावचे म्हातारे तसंच करतात. आणि कावात कोणालाही खुणेने सांगा, प्लास्टिकची खुर्ची येते. पुढच्या रांगेतच ठेवतील.

जोशीकाका_नाशिक

रेल्वे. नेत्रावती एलटीटीहून सुटते, ठाण्याला थांबते, कन्नूरला उतरवते. कोकण दिवसाउजेडी बघायला मिळतो ते वेगळं. तिकीट साठ दिवस आधी उघडलं की त्याच सकाळी काढा, आणि सासूबाईंना लोअर बर्थ.

तर्कट

हात गार असण्याचं कारण घाम. पण गाडीचं कोणी ग्रुप बुकिंग करत असाल तर मला कळवा.